बोटाच्या पलीकडे फक्त लाल रंगच का उरतो? त्वचा आणि प्रकाशाचे रंग

वीज गेल्यावर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहणं प्रत्येक घरात कधी ना कधी झालेलं असतं. बोट निखाऱ्यासारखं लाल दिसतं. का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: आत रक्त लाल आहे म्हणून. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धं आहे. टॉर्चमधून निघालेला प्रकाश पांढरा होता, म्हणजे जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळे रंग बोटात शिरले होते. पलीकडे पोचला एकटा लाल. मग निळा कुठे थांबला? हिरव्याला कुणी अडवलं?

नवजात बाळाच्या काविळीवरचा निळा दिवा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, स्मार्ट घड्याळाच्या मागचा हिरवा ठिपका, केस काढायचा लेसर या सगळ्यांचे रंग याच हिशोबाने निवडलेले आहेत. हिशोब चुकला की त्वचा भाजते, ऑक्सिजनचा आकडा फसवतो, किंवा महिनोन्‌महिने सकाळच्या उन्हात बसूनही ड जीवनसत्त्व वाढत नाही. लाल दिवा खोल जातो म्हणून तो चांगला, असं जाहिरातीत सांगतात. खरा प्रश्न तो नाही. ज्या गोष्टीपर्यंत प्रकाश पोचवायचा आहे ती किती खोल आहे आणि तिच्या आधी वाटेत कोण बसलंय, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

वाटेत काय काय लागतं

वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. पापणीवर ती जेमतेम ०.०५ मिलिमीटर असते, अंगावर बहुतेक ठिकाणी ०.१ मिलिमीटरच्या आत-बाहेर, तळहात-तळपायांवर दीड मिलिमीटरपर्यंत. तिच्या तळाशी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला आणि केसांना काळेपणा देणारं रंगद्रव्य, तयार करणाऱ्या पेशी असतात. तिच्यात रक्तवाहिनी एकही नाही, म्हणूनच वरवर खरचटलं तर रक्त येत नाही. तिच्या खाली अंतस्त्वचा, १ ते ४ मिलिमीटर जाडीची, कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली. रक्ताच्या केशवाहिन्या, केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी हिच्यात. त्याखाली चरबी.

प्रकाश त्वचेवर पडला की ४ ते ७ टक्के पृष्ठभागावरूनच परत फिरतो, तो कुठल्याही रंगाचा असो. तेलकट कपाळ चमकतं ते याच परतलेल्या प्रकाशामुळे. जो आत शिरतो त्याच्यापुढे दोन गोष्टी वाढून ठेवलेल्या असतात: विखुरणं आणि शोषलं जाणं.

विखुरण्याचं काम मुख्यतः कोलॅजेन करतं. प्रकाशाचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकं अंतरही सरळ जात नाही, तेवढ्यात धाग्यावर आपटून दिशा बदलतो. पेलाभर पाण्यात दुधाचे चार-पाच थेंब टाका आणि अंधारात एका बाजूने टॉर्च धरा. बाजूने पाहिलं तर पाणी किंचित निळसर दिसतं, टॉर्चच्या समोरून पाहिलं तर दिवा पिवळट-तांबूस दिसतो. आखूड तरंगलांबीचे रंग, म्हणजे जांभळा आणि निळा, जास्त विखुरतात. लांब तरंगलांबीचा लाल त्यातून वाट काढतो. त्वचेत हेच घडतं, फक्त दुधाचे थेंब खूप जास्त असतात.

शोषणारे तिघे आहेत. मेलॅनिन अतिनील (जांभळ्याच्या अलीकडचा, न दिसणारा) आणि निळा प्रकाश सर्वांत जास्त गिळतं, आणि तरंगलांबी वाढत जाईल तसं त्याचं खाणं हळूहळू उतरतं. पाणी दृश्य रंगांना जवळजवळ हात लावत नाही, पण अवरक्तात, म्हणजे लालच्या पलीकडच्या न दिसणाऱ्या प्रकाशात, शिरलं की, विशेषतः १,४०० नॅनोमीटरच्या पुढे, ते भिंत होतं. (नॅनोमीटर हे तरंगलांबीचं माप, मिलिमीटरचा दहा लाखावा भाग; डोळ्यांना दिसणारे रंग साधारण ४०० ते ७०० च्या मध्ये येतात.) तिसरं रक्त, आणि त्याचा स्वभाव सगळ्यात विलक्षण. रक्ताला लाल रंग देणारं, ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास जांभळा प्रकाश प्रचंड शोषतं, हिरव्या-पिवळ्यात ५४२ आणि ५७७ ला पुन्हा दोन उंचवटे असतात आणि मग एकदम कडा तुटावा तसं शोषण कोसळतं. ऑक्सिजन धरलेलं रक्त ५७७ ला जेवढं शोषतं, त्याच्या सुमारे सतराव्या हिश्शाइतकंच ६०० ला शोषतं. फरक २३ नॅनोमीटरचा, पिवळ्यापासून नारिंगीपर्यंतचा. बोट लाल दिसण्याचं पूर्ण उत्तर इथे आहे: ६०० च्या अलीकडे रक्ताचं फाटक बंद, पलीकडे उघडं.

तरंगलांबीच्या पट्टीवर मेलॅनिन आणि रक्त आखूड बाजूने अडवतात, पाणी लांब बाजूने. मधली साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरची खिडकी उघडी राहते. शरीरात डोकावणारी बहुतेक प्रकाशयंत्रं याच खिडकीतून बघतात.

खोली मोजायची कशी

'अमुक रंग इतके मिलिमीटर जातो' हे वाक्य ऐकलं की आपण भिंतीची कल्पना करतो: तिथपर्यंत प्रकाश, पुढे अंधार. तसं नसतं. शास्त्रज्ञ जी खोली सांगतात ती प्रकाश मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो ती. आणखी तेवढंच अंतर गेलं की १४ टक्के, आणखी एक टप्पा गेलं की ५, मग २. तो कधी एकदम संपत नाही, नुसता झिजत जातो.

गोऱ्या त्वचेसाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेले आकडे आजही पाठ्यपुस्तकांत वापरले जातात. ते डोळ्यांसमोर यावेत म्हणून दोन मापं घेऊ. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर, एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर. जांभळा प्रकाश, ४०० नॅनोमीटर: ०.०९ मिलिमीटर, म्हणजे एक कागदही नाही. निळा, ४५०: दीड कागद. निळसर हिरवा, ५००: सव्वादोन कागद. नारिंगी, ६००: साडेपाच कागद. गडद लाल, ७००: बरोबर एक एटीएम कार्ड. डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त, १,००० नॅनोमीटर: दोन कार्डं एकावर एक. १,२०० ला जेमतेम तीन कार्डं. उलट्या दिशेला ३०० नॅनोमीटरचा अतिनील किरण कागदाच्या जाडीचा सोळावा भागही गाठत नाही.

हे आकडे आपल्याकडच्या सावळ्या त्वचेला जसेच्या तसे लावू नयेत. १९७९ साली अमेरिकेत केलेल्या मोजणीत गोऱ्या लोकांच्या बाह्यत्वचेतून अतिनील 'अ' (यूव्ही-ए, अतिनीलमधले लांब तरंगलांबीचे) किरणांपैकी सुमारे ५५ टक्के पार झाले, कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेतून साडेसतरा टक्के. त्याहून आखूड तरंगलांबीच्या अतिनील 'ब' (यूव्ही-बी) साठी हेच आकडे २४ आणि साडेसात. आपण बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये. तरंगलांबी वाढत जाते तसा हा फरक पुसट होतो, कारण अवरक्तात मेलॅनिनचीच भूक कमी असते. लेसरच्या भागात याचं महत्त्व कळेल.

घरी करून पाहायचं असेल तर

आरास करताना वापरतो तो रंगीत जिलेटिन कागद घ्या, लाल, हिरवा आणि निळा. खोलीत पूर्ण अंधार करून डोळ्यांना दोन मिनिटं सवय होऊ द्या. जिलेटिनची दुहेरी घडी टॉर्चवर लावून वर तर्जनीचं टोक ठेवा, कडेने प्रकाश निसटणार नाही असं. लालात बोट उजळतं. हिरव्यात नखाच्या कडेला फिकट काहीतरी जाणवतं, तेवढंच. निळ्यात खरं तर काळोख दिसायला हवा, पण पुष्कळदा मंद तांबूस झाक दिसते आणि प्रयोग फसला असं वाटतं. फसलेला नसतो. स्वस्त निळा जिलेटिन कागद गडद लालही थोडा सोडतो आणि तेवढाच लाल बोटातून पार होतो. खरा निळा एलईडी वापरला तर ही झाक जाते. टॉर्चकडे थेट बघू नका, लेसर पॉइंटर वापरू नका, आणि फ्लॅशवर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त बोट ठेवू नका. काही फोनचा एलईडी चटका बसण्याइतका तापतो.

आता बोट टॉर्चवर घट्ट दाबा. दाबलेल्या जागी उजेड वाढतो आणि रंग लालकडून नारिंगीकडे सरकतो. दाबल्याने रक्त बाजूला गेलं आणि वाट मोकळी झाली.

नील्स फिन्सन या डॅनिश डॉक्टरने ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांपूर्वी वापरली. चेहऱ्याच्या त्वचेच्या क्षयावर तो कार्बन आर्कचा प्रखर प्रकाश सोडायचा, आणि परिचारिका रुग्णाच्या गालावर पाण्याने थंड ठेवलेलं क्वार्ट्झचं भिंग बराच वेळ दाबून धरायच्या. थंड पाण्याने त्वचा भाजायची नाही आणि दाबाने रक्त हटल्यामुळे प्रकाश खोल जायचा. १९०३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. आजही काही लेसर यंत्रांचं टोक त्वचेवर दाबून धरतात, त्यामागे हेच कारण आहे.

वाट मोकळी करायची दुसरी रीत भज्यांच्या कागदाने शिकवली आहे. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तेलकट भजी ठेवली की डाग पडलेल्या जागी पलीकडची अक्षरं दिसू लागतात. कागद पांढरा दिसतो तो धाग्यांमधल्या हवेमुळे. हवा आणि धागा यांच्या सीमेवर प्रकाश वाकतो आणि विखुरतो. तेल त्या फटी भरतं, सीमा पुसट होतात, कागद पारदर्शक होतो. सोरायसिस या त्वचारोगाच्या चट्ट्यावरचा चंदेरी पापुद्रा तसाच हवेने भरलेला असतो. त्यावर ३११ नॅनोमीटरचा अतिनील 'ब' उपचार देण्याआधी स्वच्छ, पातळ तेलाचा हलका थर लावतात, म्हणजे किरण पापुद्र्यातच अडकत नाहीत. तेल पातळच हवं. पेट्रोलियम जेलीचा जाड थर किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेलं मलम लावून गेलं तर ते किरणच गिळतात आणि उपचार वाया जातो. त्या दिवशी अंगाला काय लावून आलो हे तंत्रज्ञाला सांगणं म्हणून फार महत्त्वाचं.

२०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हेच तत्त्व टोकाला नेलं. खाद्यपदार्थांत वापरला जाणारा टार्ट्राझिन हा पिवळा रंग उंदराच्या त्वचेवर चोळल्यावर ती लाल प्रकाशात तात्पुरती पारदर्शक झाली आणि पोटातले अवयव हलताना दिसले. माणसाची त्वचा उंदरापेक्षा खूप जाड, त्यामुळे हे घरी करून पाहण्यात अर्थ नाही.

निळा दिवा आणि बाळाची कावीळ

खोल न जाणारा रंगच नेमका हवा असतो याचं याहून चांगलं उदाहरण नाही. नवजात बाळाच्या काविळीत रक्तात बिलिरुबिन, म्हणजे रक्तपेशी मोडल्यावर तयार होणारं द्रव्य, वाढतं. ते पिवळं दिसतं कारण ते निळा प्रकाश शोषतं, सर्वांत जास्त ४६० नॅनोमीटरच्या आसपास. निळा प्रकाश शोषल्यावर त्याच्या रेणूची घडी बदलते आणि नव्या घडीचं बिलिरुबिन पित्तातून आणि लघवीतून सहज बाहेर पडतं. बाळाची त्वचा पातळ, केशवाहिन्या वर, म्हणून दीड-दोन कागदांची खोली पुरते. बाकीचं काम रक्ताभिसरण करतं: बदललेलं बिलिरुबिन वाहून जातं, नवं दिव्याखाली येतं. ४६० ते ४९० हा पट्टा वापरतात, कारण ४९० च्या बाजूला रक्त वाटेत कमी खातं आणि प्रकाश जरा आत पोचतो.

हा शोध एका परिचारिकेच्या नजरेमुळे लागला. १९५६ साली इंग्लंडमधल्या एसेक्समध्ये रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अकाली जन्मलेल्या बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं सगळं अंग फिकं झालं होतं, फक्त एक त्रिकोण गडद पिवळा राहिला होता. चादरीचा कोपरा जिथे पडला होता, तेवढाच. दोन वर्षांनी तिथल्या डॉक्टरांनी प्रकाशोपचाराचा पहिला निबंध प्रसिद्ध केला.

उपचार फसतो तो बहुतेक वेळा साध्या गोष्टींनी. दिवा लांब ठेवला की तीव्रता झपाट्याने उतरते. जुन्या नळ्या दिसायला निळ्या राहतात पण त्यांचा जोर गेलेला असतो, म्हणून मीटरने मोजावं लागतं. जोरकस उपचाराला या पट्ट्यात दर नॅनोमीटरमागे चौरस सेंटिमीटरला किमान ३० मायक्रोवॅट लागतात. मोठं लंगोट, टोपी, मोजे यांनी अंग झाकलं की तेवढी त्वचा उपचारातून वजा होते. डोळ्यांची पट्टी घसरून नाकावर येत नाही ना, हे सतत पाहावं लागतं. आणि दिव्याखाली असलेल्या बाळाचा रंग पाहून कावीळ उतरली असं कधीही ठरवू नये. त्वचेतलं बिलिरुबिन आधी जातं, रक्तातलं मागून. खरा आकडा रक्त तपासूनच कळतो.

आपल्याकडे बाळाला कोवळ्या उन्हात धरायची पद्धत आहे. उन्हात निळा प्रकाश असतो, त्यामुळे परिणाम अजिबात होत नाही असं नाही. पण किती मात्रा गेली हे कळत नाही, सोबत अतिनील आणि उष्णता जाते, बाळ तापतं किंवा गारठतं, अंगातलं पाणी कमी होतं. नायजेरियात अतिनील आणि अवरक्त गाळणारे पडदे लावलेल्या मांडवाखाली उन्हाचा उपचार पद्धतशीर तपासला गेला आणि उपयोगी ठरला, पण तिथे दर तासाला बाळाचं तापमान मोजणारं माणूस होतं. पिवळेपणा पहिल्या २४ तासांतच दिसला, पोटाखाली तळपायांपर्यंत उतरला, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा सुस्त पडलं, तर उन्हावर विसंबून एक दिवसही घालवू नका. वाढलेलं बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करतं.

ऑक्सिमीटर: एक लाल, एक न दिसणारा

२०२० च्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी आलेल्या पथकांच्या हातात हे यंत्र होतं, तेव्हापासून ते आपल्या ओळखीचं आहे. तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडलं. चिमट्याच्या एका बाजूला दोन एलईडी असतात, ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० चा अवरक्त. दोन्ही त्या मोकळ्या खिडकीतले, म्हणून बोट पार करतात. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन ६६० ला, ऑक्सिजन धरलेल्यापेक्षा सुमारे दहापट जास्त शोषतं; ९४० ला पारडं उलटं झुकतं. त्वचा, हाड, नस यांचं शोषण स्थिर, धमनीचं प्रत्येक ठोक्याला वरखाली. यंत्र फक्त हलणारा भाग उचलतं आणि दोन रंगांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढतं.

त्यामुळे नखावरचं गडद नेलपॉलिश किंवा काळ्या मेंदीचा थर आकडा बिघडवू शकतो. थंडगार बोटात ठोका इतका क्षीण असतो की यंत्राला धरायला काही सापडत नाही. हात चोळून गरम करा. बोट पूर्ण आत घाला, हात टेबलावर स्थिर ठेवा, आकडा अर्धा ते एक मिनिट स्थिरावला की मगच लिहा.

मेलॅनिनही इथे नडतं. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी रुग्णालयांतल्या अभ्यासात, यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखवलेल्या रुग्णांच्या धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन निघाल्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के होतं, गोऱ्यांत ३.६. सावळ्या माणसांच्या देशात ही बाब प्रत्येक डॉक्टरने आणि घरी आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी. ९४ दिसतंय पण बोलताना धाप लागतेय, तर धापेवर विश्वास ठेवा.

घड्याळातला दिवा हिरवा का? त्याला बोट पार करायचं नाही, मनगटावरून परतलेला प्रकाश वाचायचा आहे. हिरवा उथळ राहतो आणि वरच्या केशवाहिन्यांतलं रक्त तो जोरात शोषतं, त्यामुळे ठोका ठळक उमटतो आणि खालच्या स्नायूंच्या हालचालीचा गोंधळ कमी मिसळतो. मनगटावर गडद गोंदण असेल तर शाई तोच प्रकाश गिळते आणि घड्याळ अडखळतं.

हातावरच्या नसा निळ्या दिसतात त्याचंही मूळ इथेच आहे. आतलं रक्त गडद लाल असतं. निळा प्रकाश नसेपर्यंत पोचायच्या आतच विखुरून परत येतो, नस असो वा नसो. लाल मात्र खाली नसेपर्यंत जातो आणि तिथे थोडा शोषला जातो. आजूबाजूच्या त्वचेच्या मानाने नसेवर लाल कमी पडतो, आणि मेंदू त्या तुलनेला निळा म्हणतो.

ऊन, काच आणि वांग

ड जीवनसत्त्व २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील 'ब' किरणांनी बाह्यत्वचेतच तयार होतं. तेवढी उथळ पोच पुरते, पण किरण त्वचेवर यायला तर हवेत! सकाळी सातचं कोवळं ऊन तिरकं येतं, हवेचा लांब थर ओलांडतं आणि त्यातला 'ब' वाटेत ओझोन खातो. अंगाला ऊब लागते ती अवरक्ताची. ढोबळ कसोटी म्हणजे सावली: ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असली की 'ब' पुरेसा आहे. डिसेंबरात नागपूरला भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो, तेव्हा हिवाळ्यात सकाळच्या उन्हाचा हिशोब आणखीच तोट्याचा. खिडकीची काच 'ब' जवळजवळ पूर्ण अडवते, म्हणून काचेमागे बसून ड मिळत नाही. 'अ' किरण मात्र काचेतून येतात, अंतस्त्वचेपर्यंत उतरतात आणि कोलॅजेन मोडतात.

वांग असलेल्यांसाठी आणखी एक बाब आहे. सावळ्या त्वचेत नुसता दृश्य प्रकाश, विशेषतः जांभळा-निळा, रंगद्रव्य वाढवतो आणि ते टिकून राहतं. गोऱ्या त्वचेत हा परिणाम तसा दिसत नाही. साधं सनस्क्रीन अतिनील अडवतं, दृश्य प्रकाश सोडतं. त्यामुळे एसपीएफ ५० नेमाने लावूनही डाग हटत नाहीत. वांगासाठी लोह-ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन लागतं. डब्यावरच्या घटकांत 'आयर्न ऑक्साइड' शब्द शोधा.

लेसर

केसांचं मूळ ३ ते ५ मिलिमीटर खोल. लेसरचं लक्ष्य तिथलं मेलॅनिन, आणि वाटेत बाह्यत्वचेतलंही मेलॅनिन. पहिला फटका वरच्यालाच बसतो. ६९४ नॅनोमीटरचा रुबी आणि ७५५ चा अलेक्झांड्राइट गोऱ्या त्वचेवर काळ्या केसांना उत्तम, पण सावळ्या त्वचेत वरचंच मेलॅनिन ते इतकं शोषतं की फोड आणि काळे-पांढरे डाग पडतात. म्हणून आपल्याकडे ८१० च्या आसपासचा डायोड किंवा १,०६४ चा एनडी-याग जास्त सुरक्षित.

तरंगलांबी हे अर्धंच काम. पल्स, म्हणजे लेसरचा एक झोत टिकतो तेवढा वेळ, लांब हवी, ३० मिलिसेकंद किंवा जास्त: पातळ बाह्यत्वचा ३ ते १० मिलिसेकंदांत उष्णता सोडून देते, जाड मूळ ती धरून ठेवतं. टोक थंड हवं. आणि ठिपका मोठा हवा. ५ मिलिमीटरच्या बारीक झोतातला प्रकाश बाजूला विखुरून हरवतो. १५ मिलिमीटरच्या झोतात मध्यातून बाहेर गेलेल्याची भरपाई शेजारचा प्रकाश करतो, म्हणून मधला भाग खोल पोचतो. त्याच तीव्रतेला मोठा ठिपका जास्त खोल जातो, हे अनेक तंत्रज्ञांनाही नीट सांगितलेलं नसतं.

जाण्याआधी वॅक्स करू नका, मूळच उपटलं तर लक्ष्यच उरत नाही, वस्तरा फिरवा. नुकतीच त्वचा उन्हाने रापली असेल तर काही आठवडे थांबा. पांढऱ्या केसांवर पैसे घालू नका, तिथे शोषणारं काहीच नाही. मुळांभोवती लालसर सूज येणं अपेक्षित आहे. त्वचा राखाडी-पांढरी पडली, किंवा चटका विझेचना, तर तिथेच थांबवायला सांगा.

पुढे कर्करोग होऊ शकेल अशा त्वचेच्या कर्कपूर्व चट्ट्यांवर औषध लावून प्रकाश देतात, त्यात उथळ-खोलचा हिशोब स्वच्छ दिसतो. त्या औषधापासून त्वचेत तयार झालेलं पॉर्फिरिन हे द्रव्य निळा प्रकाश लालपेक्षा कितीतरी जास्त शोषतं. तरी चट्टा जाड असेल तर ६३५ चा लालच वापरतात, कारण निळा तळाशी पोचतच नाही. पातळ चट्ट्याला ४१७ चा निळा पुरतो.

घरगुती लाल दिव्याच्या मुखवट्यांचे दावे याच पट्टीने मोजा. ६६० नॅनोमीटरचा एक टप्पा ०.७ मिलिमीटर धरला तर साडेतीन मिलिमीटरवर १ टक्काही उरत नाही. खालच्या मऊ भागात टप्पा थोडा लांबतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्याला अगदी थोडा प्रकाशही दिसतो, म्हणून बोट उजळतं. पण दिसण्याइतका प्रकाश आणि उपचाराइतका प्रकाश यांत फार अंतर आहे. अंतस्त्वचेच्या वरच्या भागावर परिणामाचा दावा विचार करण्याजोगा. गुडघ्याच्या सांध्यात किंवा यकृतात प्रकाश पोचवण्याचा दावा नाही.

आणखी पुढे गेलं की पुन्हा उथळ

तरंगलांबी वाढवत नेली की खोली वाढतच जाईल असं वाटतं. १,४०० च्या पुढे पाणी आडवं येतं. कार्बन डायऑक्साइड लेसरचा १०,६०० नॅनोमीटरचा किरण त्वचेत जेमतेम ०.०२ मिलिमीटर जातो, म्हणून तो चामखीळ थराथराने उडवायला सोयीचा.

कपाळासमोर धरायचा तापमापक याच टापूत काम करतो, ८ ते १४ मायक्रोमीटर, म्हणजे ८,००० ते १४,००० नॅनोमीटर. तो काहीही सोडत नाही, त्वचेतून निघणारी उष्णता टिपतो. लाल ठिपका असलाच तर नेम धरण्यापुरता. मेंदूला किरण लागतात ही भीती कोविडच्या काळात फार पसरली होती, ती निराधार आहे. या तरंगलांबीला मेलॅनिनची गणतीच नाही. गोरी असो वा काळी, प्रत्येक त्वचा सारखीच, सुमारे ०.९८ उत्सर्जकतेने (म्हणजे आदर्श काळ्या पदार्थाच्या ९८ टक्के) उष्णता सोडते, त्यामुळे ऑक्सिमीटरसारखी चूक इथे होत नाही. चूक होते ती घामाने आणि उन्हाने. बाहेरून आलेल्या माणसाचं कपाळ पुसा, त्याला दहा-पंधरा मिनिटं सावलीत बसू द्या आणि मगच आकडा घ्या.